ठेवता का काढता?

कडुनिंब मोहरला की माझं डोकं फिरतं. यात बिचाऱ्या झाडाचा काही दोष नाही. बडनेऱ्याला आमच्या घरामागं, रेल्वेच्या कुंपणालगत तीन कडुनिंब आहेत. चैत्र लागला की त्यांचा तो गोडसर-कडवट वास थेट स्वयंपाकघरात येतो. ओट्यावर बारीक पांढरी फुलं पडतात, झाडून काढली की तासाभरात पुन्हा तेवढीच. आणि नेमक्या याच दिवसांत भोंगा लावलेली पहिली गाडी आमच्या गल्लीत वळते. हल्ली कुठली ना कुठली निवडणूक असतेच. गाडी वळली की शेजारचे निवृत्त स्टेशनमास्तर फाटकाशी येतात आणि दर वेळी तेच वाक्य बोलतात, “तुमचे दादा फार साधे हो, बाई. राजकारण हे त्यांचं कामच नव्हतं.”

साधे! गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारलंच, “मास्तर, साधा म्हणजे कोण हो? ज्याला लबाडी जमत नाही तो, की ज्याला जमते आणि तरी करत नाही तो?” ते चपापले. चहा न घेताच गेले. आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, “काहून भांडून राहिली वो सकाळी सकाळी?” मी भांडकुदळ आहे, हे आधीच सांगून टाकते. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, तरी जीभ काही गुळगुळीत झाली नाही. पण दादाला कुणी साधा म्हटलं की त्यातली कीव मला ऐकू येते, आणि मग त्या एका उन्हाळ्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे निघालं की काळ्या मातीत आमचं गाव लागतं. तिथला तो शेतकरी. कापूस, तूर, हरभरा हेच त्याचं जग. पाच वर्षं तो खासदार होता, एवढंच लोकांच्या लक्षात आहे. त्याआधी पन्नास वर्षं तो काय करत होता आणि त्यानंतर आजतागायत काय करतो आहे, हे कुणी विचारत नाही.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, लोण्यासारखी, पण विहीर खणली की लागतं ते खारं पाणी. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं तर कधी कधी फाटतं. हंड्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. वरच्या गावांतले लोक आमच्याकडं मुलगी द्यायला तयार नसत. मी लग्न होऊन बडनेऱ्याला आले तेव्हा सासूबाईंनी हातात पाण्याचा पेला दिला. एक घोट घेतला आणि थांबलेच. मला वाटलं, ह्यात काहीतरी घालायचं राहून गेलं. पाणी असं लागतं हे मला तेव्हा कळलं, चांगली घोडी झाल्यावर. माहेरी गेल्यावर दादाला ही गंमत सांगितली. तो हसला नाही. “बाई,” तो म्हणाला, “आपून मीठ पिऊन राहिलो अन् आपल्याले वाटते हेच पानी.” त्याच्या सगळ्या राजकारणाचं मूळ तेवढंच होतं. लोक उगाच मोठमोठी कारणं शोधतात.

आधी तो गावच्या सोसायटीत गेला, मग सरपंच झाला, मग जिल्हा परिषदेला उभा राहून पडला. पुढं लोकसभेच्या तिकिटासाठी दोन बड्या पुढाऱ्यांची अशी काही जुंपली, की दोघांनाही चालेल असा एक निरुपद्रवी माणूस पक्षाला हवा होता. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. निरोप आला तेव्हा दादा वावरात शेणखत पसरत होता. तो निवडून आला तो काही स्वतःच्या बळावर नाही. खोटं कशाला बोलू? वारं पक्षाचं होतं.

दिल्लीला मी एकदाच गेले. खासदारांच्या घरापुढं हिरवळ असते, ती दादानं उकरून टाकली होती. तिथं आंबाडी, वांगी आणि लवंगी मिरची. सरकारी माळी हवालदिल झाला होता. वहिनी तिथं कधी राहिलीच नाही. “वावर कोनाच्या भरवशावर टाकू?” म्हणायची, आणि पाचही वर्षं तिनं एकटीनं शेती केली. दादा सभागृहात वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत पाण्याचे प्रश्न विचारायचा. खारपाणपट्ट्यातल्या गावांना धरणातून नळानं गोडं पाणी द्या, एवढीच मागणी. उत्तर दर वेळी एकच, विचाराधीन. घरात मग त्या शब्दाची थट्टाच झाली. भाजी काय केली विचारलं की वहिनी म्हणायची, “विचाराधीन.” दादा खो खो हसायचा. पण हसून झालं की गप्प बसायचा, हेही मी पाहिलं आहे.

आता ज्यावरून पुढचं सगळं घडलं, ती रीत सांगते. वऱ्हाडात सालदाराचं साल पाडव्याला संपतं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. पाडव्याच्या सकाळी मालक त्याला विचारतो, राहतं का? त्याला जायचं असेल तर तो सांगतो, मालकाला काढायचा असेल तर मालक सांगतो. रुसवाफुगवा नसतो. दुपारची पुरणपोळी दोघांनाही तीच. काढलेला सालदार दिवस मावळायच्या आत दुसऱ्याच्या वावरात लागलेला असतो. आमच्याकडं संपत नावाचा सालदार होता. एका पाडव्याला बाबांनी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, “मले काढा, मालक. मांगच्या झडीत मी निजलो, म्हनून बांध फुटला. तुमाले माईत नाई.” बाबांना खरंच माहीत नव्हतं. तरी त्यांनी त्याला ठेवलं. मला ते सगळं वेडेपणाचं वाटलं होतं. दादाला काय वाटलं ते त्यानं कधी सांगितलं नाही.

खासदार झाल्यावर पहिल्याच पाडव्याला दादानं मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं. वर्षभरात काय काम केलं ते सांगितलं, काय झालं नाही तेही सांगितलं, आणि हात जोडून उभा राहिला. “तुमचा सालदार उभा हाय. ठेवता का काढता?” लोक हसले. “ठेवलं, भाऊ, ठेवलं!” गाठ्या वाटल्या, झालं. दुसऱ्या वर्षी आसपासच्या गावांतले लोक आले. तिसऱ्या वर्षी पेपरात फोटो आला, त्याखाली काहीतरी मिश्कील ओळ. कायद्यात याला काडीचाही अर्थ नव्हता, आणि पक्षातले लोक त्याला दादाचा तमाशा म्हणायचे. दादा मात्र पाडव्याच्या आधी आठ दिवस वही घेऊन बसायचा आणि काय काय सांगायचं ते आठवून आठवून लिहायचा.

तो पाचवा पाडवा होता. लोकसभेची निवडणूक तोंडावर आलेली. आदल्या दिवशी दुपारी पक्षाचे निरीक्षक आमच्या घरी आले. पांढरे बूट, पांढरी गाडी, गोड बोलणं. मी शाळेला सुटी टाकून माहेरी आले होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. “तिकीट तुमचंच आहे, साहेब,” ते म्हणाले. “वर बोलणं झालंय. यावेळी निवडून आलात तर राज्यमंत्रिपदाचाही विचार आहे. फक्त उद्याचा तो कार्यक्रम नको.”

“काहून?” दादानं विचारलं.

“कुणी नको ते बोललं, कुणी मोबाईलवर काढलं, तर आयत्या वेळी पंचाईत. बरं, करायचाच असेल तर आपली शंभर माणसं पुढं बसवू. ती म्हणतील ठेवलं. हाय काय अन् नाय काय!”

वहिनी पन्हं घेऊन आली. निरीक्षकांनी एक घोट घेतला आणि हलकेच म्हणाले, “वहिनी, मीठ जरा जास्त पडलंय का?”

“मीठ घातलंच नाही, भाऊजी,” वहिनी म्हणाली.

ते गेल्यावर मी दादाच्या मागं लागले. हे मला लपवायचं नाही. मी त्याला म्हटलं, एक वर्ष नाही विचारलं तर काय आभाळ कोसळणार आहे? मंत्री झालास तर पाणी एका सहीनं येईल. मी चांगली तासभर बोलत होते. दादा अंगणात गुढीची काठी पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं ती भिंतीशी उभी केली आणि म्हणाला, “बाई, सालदारानं पाडवा चुकवला तं त्याले चोर म्हंतेत.”

सकाळी पारावर हीऽ गर्दी. ऊन आठ वाजताच चटका देऊ लागलं होतं. निरीक्षकही आले आणि पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. दादानं गळ्यातला पक्षाचा दुपट्टा सारखा केला आणि वही उघडली. रस्ता झाला, पूल झाला, दोन शाळांना खोल्या झाल्या. पाण्याचे प्रश्न इतक्यांदा विचारले, उत्तर विचाराधीन. लोक हसले. मग दादानं वही मिटली. मला वाटलं झालं, आता हात जोडेल.

“आता एक राह्यलं,” तो म्हणाला. “हे तुमाले माईत नाई. थंडीच्या दिवसात पान्याचा एक कायदा आला सभागृहात. मी तो दोनदा वाचला. त्यात एक पळवाट होती. धरनातलं पानी कारखान्याले आधी, लोकायच्या घागरीले मंग. मी पक्षाच्या बैठकीत बोललो, हे चूक हाय. त्याइनं आयकलं नाई. हुकूम निघाला, सगळ्याइनं बाजूनं मत द्याचं, नाईतं खासदारकी जाईन. घंटी वाजली. मी हिरवं बटन दाबलं. मी भेलो.”

निरीक्षकांनी कपाळाला हात लावला. मी उठून उभी राहिले. “अहो, हुकूमच होता वरून!” मी ओरडले. “नाही म्हणाला असता तर पदच गेलं असतं, मग तुमचा प्रश्न विचारायला तिथं राहिलं कोण असतं? एकट्यानं काय...”

“तू बस, बाई,” दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. “नांगर मोडका होता असं सालदार मालकाले सांगते काय? वावर पडीक राह्यलं तं राह्यलं.” मग त्यानं लोकांकडं वळून हात जोडले. “तुमचा सालदार उभा हाय. ठेवता का काढता?”

तेव्हा कमलाबाई उठली. कमलाबाई गावातली भाजीवाली. शेततळ्याच्या पाण्यावर मेथी, वांगी, कोथिंबीर पिकवायची. शकुंतला ही छोटी रेल्वे सुरू होती तोवर त्या गाडीनं मूर्तिजापूरच्या बाजारात टोपली न्यायची, गाडी बंद पडल्यावर ऑटोनं. तिचा नवरा किडनीच्या दुखण्यानं गेला होता. आमच्या पट्ट्यात ते दुखणं घरोघर आहे. तिनं पदर खोचला.

“भाऊ,” ती म्हणाली, “चार वर्सं आमी ठेवलं. आज काढतो.”

निरीक्षक ताडकन उठले. मला तर तिचा असा राग आला, की तिथंच तिच्या झिंज्या धराव्यात.

“बसा साहेब, माहं बोलनं झालं नाई,” कमलाबाई त्यांना म्हणाली आणि पुन्हा दादाकडं वळली. “तुमी कोनाचे सालदार होते? आमचे का त्याइचे? त्याइनं घंटी वाजवली, तुमी बटन दाबलं. मंग मालक कोन झाला? दोन घरचा पाहुना उपाशी, भाऊ. अन् इथं पाहुन्यासंगं आमी बी उपाशी. त्याइचा सालदार आमाले आमच्या वावरात नाई पायजे. तिकडचं साल सोडा. सोडून आले तं आजच्या आज ठेवतो. नाई सोडलं तं तुमी तुमच्या रस्त्यानं, आमी आमच्या.”

आता प्रश्न उघड उघड मांडला गेला होता. एकीकडं तिकीट, त्यामागं मंत्रिपद, आणि दुसरीकडं पारावर बसलेली ही दोन-चारशे माणसं, ज्यांच्या जोरावर आख्खा मतदारसंघ कुणाच्या बापाला जिंकता आला नसता. निरीक्षक दादाच्या कानाशी लागले. “साहेब, एका बाईच्या बोलण्यावर काय जाता? विचार करा. मंत्रिपद आहे.” मी वहिनीकडं पाहिलं. ती मांडीवरच्या ताटातला कडुनिंबाचा पाला निवडत होती, मान वर न करता.

दादानं गळ्यातला दुपट्टा काढला. नीट चौपदरी घडी केली आणि निरीक्षकांच्या हातात दिली. “घ्या. धुतलेला हाय. खाऱ्या पान्यात धुतला म्हनून थोडा कडक झाला.”

“ठेवलं,” कमलाबाई म्हणाली आणि खाली बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. घोषणा नाहीत. लोकांनी गूळ-निंब तोंडात टाकला आणि घरोघर निघाले, कारण पुरणाची डाळ चुलीवर होती आणि ती आमच्याकडं लवकर शिजत नाही.

यालाच मास्तर साधेपणा म्हणतात. मी म्हणते, करून दाखवा हा साधेपणा एकदा! हातातलं पद सोडायला काळीज लागतं. त्याहून मोठं काळीज लागतं ‘मी भेलो’ असं चारचौघांत म्हणायला. मी इतक्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकली, शाळेच्या गॅदरिंगला तर दर वर्षी एक ऐकावंच लागायचं. त्यातल्या एकानंही कधी, मी घाबरलो होतो, असं म्हटलेलं मला आठवत नाही.

तो उन्हाळा माझ्या अंगात अजून आहे. अपक्ष म्हणून दादानं अर्ज भरला. त्याला चिन्ह हवं होतं काहीतरी शेतीचं. मिळालं कूलर! अकोल्याच्या उन्हात कूलर म्हणजे देवच, पण आमच्या पाण्यानं त्याच्या जाळ्या महिन्याभरात मीठ धरून बसतात. बाया पोट धरून हसल्या. “भाऊ, तुमचं चिन्ह आपल्या गावात चालतच नाई!” विरोधक गाडीच्या भोंग्यावरून ओरडायचे, कूलर बंद पडला, कूलर बंद पडला. आम्हाला भोंगा मिळाला तो एका मंडपवाल्याचा जुना, अर्धा वेळ खरखरायचा. मी पर्समध्ये कांदा ठेवून, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ऑटोत बसायचे आणि घसा फाटेस्तोवर बोलायचे. एका दुपारी हिवरखेडच्या रस्त्यावर मला ऊन लागलं. एका अनोळखी घरात खाटेवर निजवलं, तिथल्या बाईनं पायांना कांद्याचा रस चोळला आणि मी शुद्धीवर आल्यावर सरळ सांगितलं, “बाई, मत मी तुमच्या भावाले नाई देनार. आमचं घर त्या दुसऱ्याइकडं हाय. पर पन्हं घेऊन जा.” मला तिचा राग आला नाही. त्या दोन महिन्यांत ज्यांचा आला नाही अशी ती एकटीच.

राग यायचा तो जुन्या लोकांचा. दादाच्या ओसरीवर वर्षानुवर्षं जेवलेली माणसं रस्ता बदलायला लागली. एकानं तर त्याच्या अगदी शेजारून गाडी नेली तरी काच खाली केली नाही. पक्षानं तिकीट दिलं एका कॉलेजं काढणाऱ्याला. बाजारात बोललं जायचं, एका भाजीवालीपायी मंत्रिपद घालवलं, असा येडा पाह्यला नाई. मी प्रत्येकाशी भांडले. दादा कुणाशीही नाही. तो सभा घेतच नव्हता म्हटलं तरी चालेल. चैत्र-वैशाखात वावरं रिकामी असतात, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, तुराट्या कापून झालेल्या, आणि मागं राहिलेली धसकटं वेचायला बाया वाकलेल्या असतात. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. दादा ऑटो थांबवायचा, त्यांच्या ओळीत वाकायचा आणि धसकटं उपटता उपटता बोलायचा. मी वैतागायचे. असं एकेका वावरात तास घालवला तर मतदारसंघ कधी व्हायचा! तो म्हणायचा, “त्याइचे हात थांबवून माहं भाषन कायले?” संध्याकाळी धसकटांचे ढीग पेटायचे आणि मैलोन्‌मैल धूर जमिनीलगत पसरायचा. आम्ही त्या धुरातून घरी यायचो, डोळे चुरचुरायचे आणि केसांना, लुगड्याला, भाकरीलासुद्धा तोच वास. आजही कुठं धसकटं जळली की मला घोषणा द्याव्याशा वाटतात. वय विसरून.

आम्हाला माहीत होतं का, की तो पडणार? होतं ना. गणित मलाही येतं. पण एक सांगते, त्या दोन महिन्यांत दादा जितका मोकळा होता तितका पाच वर्षांत मी त्याला पाहिला नव्हता. दिल्लीहून यायचा तेव्हा जेवताना घास हातात धरून कुठंतरी बघत बसायचा. त्या उन्हाळ्यात तो चार भाकरी खायचा. वहिनी म्हणायची, “अपक्ष झाले तं भूक लागून राहिली यांना.”

पुढं काही वर्षांनी गावात गोडं पाणी आलं. रोज नाही, दिवसाआड, पण आलं. उद्घाटनाच्या दगडावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यापैकी एकानंही आमच्या विहिरीचं पाणी कधी प्यालेलं नाही. दादाला आमंत्रण नव्हतं. तो गेला आणि नळाच्या रांगेत घागर घेऊन उभा राहिला. त्या पाण्यासाठी हा माणूस किती वर्षं, किती कचेऱ्यांच्या बाकांवर बसला, किती बाबूंनी त्याला उद्या या म्हटलं, हे मास्तरांना कुठून माहीत असणार! आणि पडलेला माणूस तिथं जाऊन बसायला कसा लागला, हे तर मलाही पटलं नसतं, ती दुपार मी डोळ्यांनी पाहिली नसती तर.

मतमोजणीचा दिवस. अकोल्याच्या त्या गोदामाबाहेर दहा वाजेपर्यंतच सगळं कळून चुकलं. दादा तिसरा. अनामत रक्कमसुद्धा गेली. रस्त्यावर गुलाल उडत होता, फटाके फुटत होते. आम्ही दोघं एसटीनं परत आलो. मी वाटभर रडत होते, तो खिडकीबाहेर बघत होता. फाट्यावर उतरल्यावर तो घराकडं वळलाच नाही, थेट वावरात गेला. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती आणि प्रचाराच्या भानगडीत आमच्या वावरातली धसकटं तशीच राहिली होती. वहिनी एकटी वेचत होती. तिनं आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा वेचायला लागली. दादा वाकला. मीही वाकले. हाताला काटे लागत होते आणि मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून कमलाबाई आली. टोपली रिकामी, म्हणजे बाजार करून आलेली. तिला पाहिल्याबरोबर माझा तोल गेला. दोन महिने दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. “आलीस?” मी म्हटलं. “झालं समाधान? तू त्या दिवशी गप्प बसली असतीस तर आज तो मंत्री असता! तुझ्या एका जिभेपायी माझ्या भावाचं वाटोळं झालं. तुझं काय गेलं? तुझी टोपली तुझ्या डोक्यावर. तो कुठला राहिला आता? ना दिल्लीचा, ना इथला!”

“बाई,” दादा म्हणाला. पण मी थांबले नाही, दम लागेपर्यंत बोलले. कमलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. माझं संपलं तेव्हा तिनं टोपली खाली ठेवली.

“पडले म्हंते, भाऊ?”

“पडलो,” दादा म्हणाला.

“मंग गावानं गोड्या पान्याचा अर्ज केला, त्याचं काय? उद्या अकोल्याच्या कचेरीत तारीख हाय म्हने. कोन जाईन?”

दादा सरळ उभा राहिला. मुठीत धसकटं तशीच. “मी आता खासदार नाई, कमलाबाई. मले कोन आत घेईन? माह्या हातात काई राह्यलं नाई.”

“खासदारकी त्याइची होती, त्याइनं नेली,” कमलाबाई म्हणाली. “सालदार आमी ठेवला हाय. पाडव्याले ठेवला. आता तं जेठ चालू हाय. तुमाले आमी काढलं काय? साल कुठं सरलं, भाऊ?”

वहिनीनं हातातलं काम थांबवलं होतं. दादानं मुठीतली धसकटं ढिगावर टाकली, हात धोतराला पुसले आणि वहिनीला विचारलं, “सकाळची पयली गाडी किती वाजता हाय वो?”